वाचकांचे प्रश्न : काँक्रीटचा मनोरा आणि इपॉक्सीचा सांधा

प्रश्न : बालाघाटच्या माथ्यावर पोलादी मनोऱ्यांच्या पवनचक्क्या आम्ही रोज पाहतो. काही ठिकाणी कारखान्यात ओतलेली काँक्रीटची गोल कडी एकावर एक रचून, इपॉक्सीने जोडून मनोरा उभारतात, असे वाचनात आले. एवढा उंच मनोरा गोंदाच्या भरवशावर वाऱ्यात कसा तग धरतो? आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे काम जमेल का?
— एक वाचक, ता. भूम, जि. धाराशिव

उत्तर : वाऱ्याचा रेटा पेलण्याची जबाबदारी मुळात गोंदावर नसते. भिंतींतून किंवा मनोऱ्याच्या पोकळीतून पायापर्यंत पोलादी केबल नेऊन त्या जॅकने ताणतात, त्यामुळे सगळी कडी एकमेकांवर कायम दाबलेली राहतात आणि वाऱ्याच्या बाजूचा सांधाही उघडू शकत नाही. इपॉक्सीच्या साधारण १ ते ३ मिलिमीटर थराचे काम निराळे आहे. काँक्रीटचा पृष्ठभाग कितीही निगुतीने ओतला तरी त्यात बारीक उंचसखलपणा उरतोच, आणि सगळा भार मोजक्या उंचवट्यांवर आला तर तिथले काँक्रीट फुटते. हा थर खळगे भरून भार सर्वत्र सारखा पोचवतो व पावसाचे पाणी आत शिरू देत नाही. काही उत्पादक कड्यांची तोंडे यंत्राने इतकी अचूक घासतात की त्यांना गोंदाची गरजच पडत नाही.

उन्हाळ्याचे आपण विचारलेत ते फार बरे केलेत, कारण खरी मेख तिथेच आहे. इपॉक्सीचे दोन घटक, रेझिन (मूळ चिकट द्रव) आणि हार्डनर (ते घट्ट करणारा), एकत्र येताच रासायनिक क्रिया सुरू होते आणि तिच्यातून उष्णता निघते. ढोबळमानाने तापमान १० अंशांनी वाढले की मिश्रण वापरता येण्याचा अवधी निम्म्यावर येतो, म्हणजे २० अंश सेल्सिअसला तासभर चालणारे मिश्रण ४० अंशांना पाव तासातच घट्ट होऊ लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि उन्हात पडलेल्या कड्याचे काँक्रीट तर हवेहूनही तापलेले असते. त्यातच मिश्रण बादलीत साचून राहिले तर उष्णता कोंडून ते आणखी लवकर आवळते. तेच पृष्ठभागावर पातळ पसरले की जास्त वेळ टिकते. म्हणून कालवल्याबरोबर ते पसरायला घ्यावे.

तरीही काम जमते. उष्ण हवेसाठी बनवलेला, मंद गतीने घट्ट होणारा प्रकार घ्यावा, डबे सावलीत ठेवावेत आणि जोडणी पहाटे उरकावी. घट्ट होऊ लागलेल्या मिश्रणात थिनर घालून ते पुन्हा चालवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्याने सांधा कायमचा कमजोर होतो. काँक्रीटवरचा सिमेंटचा कच्चा पापुद्रा आणि साच्याचे तेल आधीच खरवडून काढलेले असावे, आणि पावसाळ्यात पृष्ठभागावर पाण्याचा थर साचलेला नसावा.

कडे बसवताच त्याच्या वजनाने जास्तीचा गोंद बाहेर येतो. ३ मीटर उंचीचे कडे खालच्या सांध्यावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पाऊण किलो दाब देते. बाहेर आलेल्या गोंदाची रेघ आतून व बाहेरून संपूर्ण परिघावर सलग दिसायला हवी. ती जिथे तुटलेली असेल तिथे आत पोकळी असण्याची शक्यता धरावी आणि मिश्रण मऊ आहे तोवरच क्रेनने कडे उचलून, पुसून, नव्याने थर द्यावा.