वर्गात काय चाललंय, हे पालकांना कसं कळवावं

सर, नवीन रुजू झालात म्हणून सांगतो. ग्रुपवर 'अध्ययन निष्पत्ती'चे, म्हणजे कोणत्या इयत्तेत पोराला काय यायला हवं त्याचे, लांबलचक तक्ते टाकू नका, कोणी वाचत नाही. दिवाळीच्या आगेमागे कापूसवेचणी असते. मायबाप अंधार पडल्यावर घरी येतात. त्यांना छोटा आवाजी निरोप पाठवा: 'दुसरीत हातच्याची बेरीज सुरू आहे. ४७ रुपयांचं तेल अन् २५ची साखर, किती झाले, पोराला विचारा.' हे तर निरक्षर आजीही विचारते, अन् लई आवडीनं!

२०२१च्या 'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या अभियानाचा भर तिसरीपर्यंत समजून वाचण्यावर आहे. म्हणून पालकांना पोराकडून धडा ऐकून 'मग काय झालं?' एवढंच विचारायला सांगा. पालकसभा बाजाराच्या दिवशी नको. कच्च्या पोराचं नाव ग्रुपवर कधीच नको, त्याच्या घरी जा.