ठिबकच्या पाण्यावर नॅनोकणांचा ताबा चालतो का?

तुम्ही विचारलंय की सावद्याला एकाने 'नॅनो लिक्विड' दाखवलं, ते ठिबकमध्ये सोडलं की पाण्याचा प्रवाह हवा तसा राहतो म्हणाला. नॅनोकणांनी, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांनी, प्रवाहावर खरंच ताबा ठेवता येतो का?

येतो भाऊ, पण केळीच्या लॅटरलमध्ये, म्हणजे ओळीत टाकलेल्या ठिबकच्या नळीत, नाही. मी जळगावात रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं खोलात सांगतो.

सगळी करामत कणाच्या अंगावरच्या लेपाची असते. सिलिकाच्या कणावर ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट असतात, पाणी त्यांना चिकटतं. सिलेन वर्गातलं रसायन वापरून तिथे मिथाइल गट बसवले की तोच कण पाणी झटकायला लागतो. अशा कणांचा खडबडीत थर काचेवर दिला, तर थेंब पृष्ठभागाशी 150 अंशांहून मोठा कोन करून गोळीसारखा बसतो आणि जरा कलतं केलं की घरंगळतो. अळवाच्या पानावर मेणाच्या बारीक खडबडीत थराने हेच घडतं.

आता प्रवाहाचं. 100 मायक्रॉन व्यासाच्या, म्हणजे साधारण केसाएवढ्या नळीत आतून असा पाणी न धरणारा पट्टा दिला आणि तिथला कोन 120 अंश असेल, तर पाणी तिथे अडतं. पुढे ढकलायला सुमारे 15 सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढा दाब लागतो. हलणारा एकही भाग नसलेली झडप! रक्ततपासणीच्या चिमुकल्या चिप्समध्ये असल्याच युक्त्या चालतात.

पण व्यास वाढला की हा जोर त्याच प्रमाणात घटतो. ड्रिपरमधली, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीतली, वाट 1 मिलिमीटर धरली, तर अडवण्याची ताकद उरते दीड सेंटिमीटर. तुमचं ठिबक चालतं 1 किलो दाबावर, म्हणजे 10 मीटर पाण्यावर. तिथे त्या लेपाला कोण विचारतो?

थेट पाण्यातच कण मिसळले तर? मग पाणी उलट घट्ट होतं. आइन्स्टाइनने 1906 मध्ये मांडलेल्या आणि 1911 मध्ये दुरुस्त केलेल्या सूत्राप्रमाणे कणांनी 1 टक्का जागा व्यापली तर चिकटपणा अडीच टक्के वाढतो.

बाहेरून चुंबकाचा हुकूम मानणारा द्रवही आहे, फेरोफ्लुइड. त्यात साधारण 10 नॅनोमीटरचे मॅग्नेटाइटचे (लोखंडाच्या चुंबकीय ऑक्साइडचे) कण, गोळा होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर ओलेइक आम्लाचा लेप. 1963 मध्ये नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी तो केला. वजनरहित अवस्थेत रॉकेटचं इंधन चुंबकाने पंपाकडे ओढावं, हा विचार होता. आज तो लाउडस्पीकरमध्ये आणि फिरत्या दांड्यांच्या सीलमध्ये असतो. साध्या पाण्यावर मात्र चुंबकाचा असा काहीच जोर चालत नाही.

त्या बाटलीत काय आहे ते लेबल वाचल्याशिवाय मी सांगणार नाही, पण वरच्या हिशोबाने पैसे घालू नका. तुमचा प्रवाह बिघडतोय तो बहुधा चोकअपमुळे. लॅटरलची एंड कॅप काढून पाणी सोडा, एखादा ड्रिपर कापून बघा. पांढरा थर म्हणजे बोअरचे क्षार, त्याला ॲसिड ट्रीटमेंट. बुळबुळीत शेवाळ असेल तर क्लोरीन. ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये नाही. आणि ॲसिड व क्लोरीन एकत्र कधीच सोडू नका, विषारी वायू तयार होतो.