डबा फोडण्याआधी लंगोट मोजा

प्रश्न : सिस्टर, मी घणसोलीत राहते. बाळ २४ दिवसांचं आहे. जन्मलं तेव्हा २ किलो ८००, परवा ३ किलो २०० भरलं. पण संध्याकाळी सहा ते नऊ छातीवरून हलत नाही, काढलं की रडतं. छातीही आता मऊ लागते. अळिवाचे लाडू चालू आहेत, तरी सासूबाई म्हणतात दूध आटलं, पावडरच्या दुधाचा डबा आणू या. काय करू?

उत्तर : अगं पोरी, ४०० ग्रॅम काय हवेवर वाढलं?

दूध छाती चाचपून मोजायचं नसतं, लंगोटात मोजायचं. दिवसरात्र मिळून सहा-आठ वेळा फिकट शू होतेय ना? मग पुरतंय. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छाती मऊ पडतेच. आणि संध्याकाळी बाळं अशीच चिकटतात. जितकं ओढतील तितकं बनतं. मधे बाटली घुसली की ओढणं कमी, मग दूध खरंच कमी, आणि सासूबाई बरोबर ठरतात! डब्यावर ‘आईचं दूध सर्वोत्तम’ हे कंपनीला छापावंच लागतं, १९९२चा कायदाच आहे तसा. सासूबाईंना तेवढं वाचून दाखव.

तुर्भ्याच्या वस्तीत मी एएनएम, म्हणजे घरोघरी फिरणारी नर्सबाई होते. एका पत्र्याच्या खोलीत बाळ नुसतं निपलचं टोक चोखत होतं, आईच्या डोळ्यांत पाणी. मी बाळाचं पोट आईच्या पोटाला लावलं, तोंड जांभईएवढं उघडेपर्यंत थांबले, मग जवळ घेतलं. खालचा ओठ बाहेर वळला, हनुवटी छातीला टेकली, आणि घुट्-घुट् ऐकू आलं. कोपऱ्यातली आजी म्हणाली, “गिळतंय की!” माझ्या भाषणापेक्षा त्या आवाजानं काम केलं.

आशाताईची २८व्या दिवसाची फेरी यायची आहे, नंतर थेट ४२व्या दिवशी. ‘बाळ झोपलंय’ म्हणून दारातून परत पाठवू नका. (बिचारीचा अर्धा जीव रजिस्टरात जातो, तरी येते.) तिच्यासमोर पाज, सासूबाईंना शेजारी बसव.

शू सहापेक्षा कमी झाली, बाळ सुस्त पडलं, प्यायला उठेना, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठ. गुटी, पाणी सहा महिने नको, मध तर वर्षभर नको. लाडू खुशाल खा. दुधाचं मला माहीत नाही, पण सासूबाईंनी हातानं वळलेत.