आधी स्वतःचं डोकं

प्रिय बाय,

तुझं पत्र मिळालं. माणसं हाताळायच्या ट्रेनिंगमध्ये मेंदूचे लाल-पिवळे ठिपकेवाले फोटो दाखवले, जाड फाइल हातात दिली, आणि सोमवारी तू औषधाच्या कारखान्यात, गोळ्यांची पाकिटं भरायच्या ब्लिस्टर लायनीवर परतलीस तर ऑपरेटर होते तिथेच. ऐकायचं नाही म्हणजे नाही. आता मला विचारतेस, 'काका, यांचं डोपामिन वाढवायला नेमकं काय करू?' मेंदूतलं ते रसायन त्यांचं कशाला वाढवतेस? त्या अख्ख्या कारखान्यात तुझा हक्क चालतो असा एकच मेंदू आहे, आणि तो तुझ्या हेअरनेटखाली आहे. आधी त्याचं बघ.

ट्रेनरवर माझा राग नाही. त्याचंही पोट आहे. पण रंगीत फोटो दिसला की आपण माना डोलवायला लागतो, हेही शास्त्रानेच तपासलंय. २००८ साली येल विद्यापीठात डीना वाइसबर्ग आणि तिच्या सहकाऱ्यांनी लोकांना काही स्पष्टीकरणं वाचायला दिली, त्यांतली काही मुद्दाम भिकार. त्यांत मेंदूबद्दल एखादं असंबद्ध वाक्य घुसडलं की तीच भिकार स्पष्टीकरणं सामान्य वाचकांना बरी वाटू लागली. तज्ज्ञ मात्र फसले नाहीत. पुढच्याच वर्षी क्रेग बेनेटने मेलेला सामन मासा एमआरआय यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो 'दाखवले', आणि आकडेमोडीतली एक दुरुस्ती मुद्दाम गाळली, तर मेलेल्या माशाचा मेंदूही उजळलेला दिसला! आपल्याकडे मासा ताजा की शिळा हे बाजारात कल्ला उघडून बघतात. एवढी चौकशी स्लाइडची केलीस तरी पुरे. डावा मेंदू हिशेबी आणि उजवा कलावंत, आपण मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो, असली पानं त्या फाइलीत असतील तर फाडून टाक.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. तो तू पत्राच्या शेवटी, दोन ओळींत उरकलायस. सकाळी सातच्या हँडओव्हरला, पाळी बदलताना, रात्रपाळीच्या ऑपरेटरने फॉइलचा रोल बदलल्याची नोंद बॅच रेकॉर्डमध्ये केली नव्हती, आणि तू त्याला सगळ्यांदेखत झाडलंस. तेव्हापासून डेव्हिएशनचं, म्हणजे चुका नोंदवायचं, रजिस्टर कोरं आहे. वर तू लिहितेस, 'निदान चुका तरी कमी झाल्या.' बाय, चुका कमी झालेल्या नाहीत, लिहिणारे कमी झालेत! एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात इस्पितळांत औषधांच्या चुका मोजल्या, तेव्हा चांगल्या टीमच्या नावावर जास्त चुका निघाल्या. तिथले लोक बोलत होते, म्हणून त्या दिसल्या. औषधाच्या कारखान्यात कोऱ्या रजिस्टराइतकी भीती मला दुसऱ्या कशाची वाटली नाही.

तो ऑपरेटर फोंड्याकडचा ना? मग सकाळी सहाला उठून दिवसभर घरच्या कुळागरात, सुपारी-नारळाच्या बागेत, राबला असेल आणि रात्री कंपनीच्या बसने वेर्ण्याला कारखान्यात आला असेल. पाळी सुरू होते तेव्हाच त्याला जागं होऊन सतरा तास झालेले असतात. विल्यमसन आणि फेयर या संशोधकांनी २००० साली दाखवलं, की सतरा ते एकोणीस तास जागा असलेला माणूस काही चाचण्यांत रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्याइतका किंवा त्याहून वाईट ठरतो. आपल्या कायद्यात गाडी चालवायची हद्द ०.०३ टक्के आहे. म्हणजे तू ज्याला बेफिकीर म्हटलंस त्याला पोलिसाने स्कूटरवरूनसुद्धा उतरवलं असतं.

तू म्हणशील, हे तर त्याच्या मेंदूचं झालं, माझ्या कुठे? तिथेच येतोय. तू किती झोपली होतीस? दोन आठवडे ऑडिटची तयारी चाललीय, पहाटे साडेचारला उठतेस, प्लांट हेडचा फोन आधी येतो आणि चहा नंतर. मेंदूशास्त्रज्ञ एमी आर्नस्टनने आयुष्यभर हेच अभ्यासलंय. ताण आपल्या हाताबाहेरचा वाटला, की मेंदूत नॉरअॅड्रेनालिन आणि डोपामिन ही रसायनं इतकी वाढतात की कपाळामागचा भाग ढिला पडतो. थांबणं, तोलणं, जीभ आवरणं ही सगळी त्याच भागाची कामं. मग जुन्या सवयी आणि भीती कारभार बघतात. तुझ्या त्या डोपामिनचं असं आहे बघ: कमी झालं तरी नुकसान, जास्त झालं तरी नुकसान. सात वाजून पाच मिनिटांनी त्या माणसाला बोलली ती तू नव्हतीसच म्हण ना. म्हणून सांगतो, आधी स्वतःचं डोकं.

मी नोकरीत होतो तेव्हा मला सगळे 'थंड साहेब' म्हणायचे. लाइन बंद पडली, वरून फोन आला, की मी म्हणायचो, 'वीस मिनिटांनी सांगतो.' मशीनपाशी जायचो, रोल हाताने फिरवून बघायचो, घडलं ते घडल्या क्रमाने कागदावर लिहायचो आणि मगच तोंड उघडायचो. फोनवर तिथल्या तिथे उत्तर देणारा माझ्यानंतर लागला आणि माझ्याआधी मॅनेजर झाला. झाला तर झाला. त्याच्या किती उत्तरांची दुरुस्ती रात्रपाळीने केली, ते रात्रपाळीला विचार. मी आजही वीस मिनिटंच मागेन. खंत एवढीच, की तेव्हा हे वरच्यांना पटवायला माझ्याकडे आर्नस्टनबाईंचं नाव नव्हतं. तुझ्याकडे आहे, ते वापर. पण स्वतःसाठी वीस मिनिटं मागायला वापर, ऑपरेटरच्या कपाळावर लेबल चिकटवायला नको.

आणि ट्रेनिंगमधली ती 'अचानक बक्षीस द्या' वाली युक्ती. डोपामिनचा तो गाजलेला शोध माकडांवरचा, फळांच्या रसाच्या थेंबांचा. वोल्फ्राम शुल्त्झ आणि सहकाऱ्यांचा १९९७ चा लेख. त्यातला अर्धाच भाग तुला सांगितला. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की डोपामिनच्या पेशी उसळतात, खरं आहे. पण ठरलेला थेंब ठरल्या वेळी आला नाही की त्याच पेशी नेहमीपेक्षाही गप्प होतात. आता गणपतीची चवथ आठव. मागच्या खेपेला 'बघते, तुमच्या रजेचं करते काहीतरी' असं कितीजणांना म्हणालीस? न देता येणारी रजा कबूल करण्यापेक्षा पहिल्याच दिवशी तोंडावर नाही म्हणावं. माणसं चिडतील, पण निदान गावी तसं कळवतील. इथेही लगाम तुझ्याच जिभेला हवा. त्यांच्या पेशी त्यांच्यापाशी राहू देत.

चारचौघांतल्या अपमानाबद्दल तुमच्या फाइलीत चेंडूच्या खेळाचा प्रयोग असेलच. २००३ चा, नाओमी आयझेनबर्गरचा. खेळातून वगळलेल्यांच्या मेंदूत शारीरिक वेदनेशी जोडलेला एक भाग जागा झाला होता. पुढे काही जणांनी दाखवलं, की दोन्ही दुखण्यांचे ठसे बारकाईने पाहिले तर वेगळे निघतात. तो वाद त्यांचा ते मिटवतील. सगळ्यांदेखत झाडू नये, हे कळायला तुला यंत्र कशाला लागावं? तुझ्या आजीला विचार.

या आठवड्यात एवढंच कर. त्या ऑपरेटरची माफी बिफी मागत बसू नको, अवघडेल बिचारा. हँडओव्हरच्या वेळी त्याच्या शेजारी उभी राहून तुझ्या पाळीतली, तुझ्या हातून सुटलेली एक नोंद तूच रजिस्टरात लिही, त्याला दिसेल अशी. दुसरं, रात्रपाळीला सकाळी आठच्या मीटिंगसाठी थांबवून ठेवता, ते बंद करून घे. एचआर म्हणेल पद्धत आहे. तेव्हा वीस मिनिटं माग, कागदावर लिही आणि दुपारी पुन्हा जा. तरीही नाही म्हणाले, तर रोस्टरचा फोटो मला पाठव. नवं कसं मांडायचं ते आपण रविवारी बसून ठरवू. चष्मा घेऊन बसतो.

तुझा,
काका