‘थिजले’ की ‘गप्प राहिले’?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायकांसोबत काम करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: बाई सांगते ‘मी थिजले’. जबाबाच्या कन्नड प्रतीत त्याचं ‘सुम्मनिद्दे’ होतं आणि ते परत मराठीत आलं की ‘गप्प राहिले’. माणसाला ‘थिजणे’ लावणं चूक आहे का?

अजिबात नाही. चूक ‘गप्प राहिले’ लिहिणाऱ्याची आहे, आणि ते वाक्य ऐकून माझे कान किटलेत. माणूस गप्प राहतो ते ठरवून. सासूपुढे राहतो, साहेबापुढे राहतो. थिजणं ठरवता येत नाही. भीतीनं अंग आपोआप ताठरतं, हात उचलत नाही, आवाज फुटत नाही. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर उपचाराला आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली छापून आला; त्यातल्या ७० टक्क्यांनी हाच अनुभव सांगितला होता. ज्या थिजल्या होत्या त्यांच्यात सहा महिन्यांनी आघातोत्तर ताणविकार आणि तीव्र नैराश्यही जास्त आढळलं. ‘मी ओरडले का नाही?’ हा प्रश्न बाई स्वतःला वर्षानुवर्षं विचारत असते. त्यात आपण कागदावर ‘गप्प राहिली’ लिहून ठेवायचं!

तुपाचं थिजणं सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडा. खरी गोडी व्युत्पत्तीत आहे. संस्कृत धातू ‘स्त्यै’, म्हणजे घट्ट होणं, गोठणं. त्याचं ‘स्त्यान’, प्राकृतात ‘थीण’. त्याच घराण्यातलं आपलं ‘थिजणं’. टिळकवाडीतले आमचे एक निवृत्त प्राध्यापक थिजण्याचं मूळ ‘स्तिमित’मध्ये शोधतात. सर, त्या ‘म’चा ‘ज’ कुठल्या नियमानं झाला, तेवढं सांगा. ‘य’चा ‘ज’ होणं ही महाराष्ट्री प्राकृताची रोजची रीत (कार्य, कज्ज, काज), आणि आरंभीच्या ‘स्त’चा ‘थ’ तर ‘स्तोक’च्या ‘थोड्या’तही दिसतो. अंगावर शाल पांघरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही.

पालीत हाच शब्द ‘थीनमिद्ध’मध्ये बसलाय. बौद्ध विचारातल्या पाच नीवरणांपैकी, म्हणजे ध्यानाच्या आड येणाऱ्या अडथळ्यांपैकी एक, चित्ताचं जडावणं. आणि आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या जैन घरांतून दर्शनावरणीय कर्माचे (जिवाच्या जाणिवेवर पडदा घालणाऱ्या कर्माचे) नऊ भेद पाठ असणारी माणसं अजून भेटतील, त्यांना ‘स्त्यानगृद्धि’ विचारा. प्राकृतात थीणगिद्धी. माणूस झोपेतच उठतो, मोठमोठी कामं करतो आणि जागा झाल्यावर त्याला काही आठवत नाही, ती ही निद्रा. म्हणजे अंग एकीकडे, जाणीव दुसरीकडे! अत्याचारानंतर बायका ‘मी वरून बघत होते’, ‘मधलं काही आठवतच नाही’ असं सांगतात, तेव्हा मला हा शब्द आठवतो. दोन्ही एकच आहेत असं मी म्हणत नाही. तिथे कर्मविचार आहे, इथे मेंदूनं केलेला बचाव. पण जडावणं फक्त अंगाचं नसून जाणिवेचंही असतं, हे या धातूच्या पोटात फार जुनं आहे, असं माझं ठाम मत. प्राध्यापक याला कल्पनाविलास म्हणतात. म्हणोत.

हां, जबाबाचं राहिलं. मराठीत ‘थिजले’च लिहा, ‘स्तब्ध राहिले’ नको, त्यात पुन्हा ते ‘राहिले’ आलंच. कन्नडमध्ये ‘हेप्पुगट्टु’ हे क्रियापद आहे (‘हेप्पु’ म्हणजे विरजण), गोठण्या-थिजण्याला तेच वापरतात. लिहून घेणाऱ्याला ते सुचवून बघा, आणि बाईचा मूळ मराठी शब्दही अवतरणात ठेवायला सांगा. केवळ अंगानं प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येत नाही, हे २०१३च्या दुरुस्तीपासून कायद्यातच आहे. आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३च्या स्पष्टीकरणात सापडेल.

आणि ताई, तुमच्या पत्रातला ‘अत्याचार’ही सांभाळा. मराठीत तो कुठल्याही जुलमाला चालतो. कन्नड वाचणारा त्याचा अर्थ थेट बलात्कार असाच घेतो. उलट कन्नडमध्ये ‘बलात्कार’ साध्या जबरदस्तीलाही चालतो, जसा जुन्या मराठीत चालायचा. कन्नड प्रतीवर सही होण्याआधी हे दोन शब्द बोट ठेवून वाचून घ्या.