बोन्साय कुंडीत हलतंय, पुन्हा उपटून लावू का?

प्रश्न : माझ्याकडे नांदरुकाचं बोन्साय आहे. खोड मनगटाएवढं. जूनच्या सुरुवातीला मुळं छाटून ते उथळ ट्रेमध्ये लावलं. आमची गच्ची उघडी आहे आणि वारा जोराचा. आता झाड बुडाशी हलतं, पानं पिवळी पडून गळतात. मैत्रीण म्हणते, कुंडीत तारेनं बांधायला हवं होतं. पण तार तर फांद्यांना वळण द्यायला वापरतात ना? आता पुन्हा काढून लावू का?
– एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, उपटू मात्र नका. छाटलेल्या मुळांना जी काही नवी फूट आली असेल, ती उपटताना जाईल. जून महिना तुम्ही बरोबरच निवडलात. नांदरुक, वड, उंबर यांना ऊब आणि हवेतला ओलावा मिळाला की मुळं लवकर धरतात. जपानी पद्धतीच्या माहितीत वसंताच्या तोंडाशी कुंडी बदला असं सांगितलेलं असतं, ते तिथल्या मेपल-पाइनसारख्या, थंडीत विश्रांती घेणाऱ्या झाडांसाठी. आपल्याकडे मी फेब्रुवारीअखेर ते मार्च किंवा पहिले एक-दोन पाऊस झाल्यावर, या दोनच वेळा धरते.

तुमची मैत्रीण बरोबर सांगतेय. फांद्यांना वळण देणारी तार वेगळी आणि झाड कुंडीला जखडणारी वेगळी. छाटलेल्या मुळांतून पांढरी, नाजूक मुळं फुटतात. त्यांच्या टोकाजवळ डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी मूळरोमं असतात आणि पाणी शोषण्याचं बरंचसं काम तीच करतात. वाऱ्यानं खोड जरासं हललं तरी ही मुळं मातीच्या कणांवर घासून तुटतात. पुन्हा फुटतात, पुन्हा तुटतात. पानांना पाणी पोचत नाही म्हणून ती गळतात. ते बघून आपण आणखी पाणी घालतो आणि ओल्या मातीत उरलेली मुळंही कुजायला लागतात. उथळ ट्रेमध्ये झाडाला आधार द्यायला मातीचा भार नसतो, म्हणून तिथे तारेशिवाय गत्यंतर नाही.

आज एवढं करा. झाड गच्चीवरून खाली आणा. भरपूर उजेड असेल पण वारा आणि थेट पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवा. मग सुंभ किंवा रुंद सुती पट्टी खोडाच्या बुडाशी, जाड मुळांवरून घ्या आणि ट्रेच्या खालून फिरवून आवळून बांधा. उभी एक, आडवी एक. मुळांवर दाब पडेल तिथे जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा ठेवा. दिसायला बरं दिसणार नाही, दिसू दे. खत अजिबात नको. वरची माती सुकू लागली की मगच पाणी. काही जण झाड स्थिर व्हावं म्हणून बुंध्याभोवती मातीचा ढीग करतात, तो करू नका. पसरलेली मुळं, ज्याला बोन्सायवाले नेबारी म्हणतात, ती त्या ढिगाखाली जातात आणि बुंधा सतत ओला राहतो.

नवी पालवी जोमानं आली आणि खोड हलेनासं झालं की बांधणी सोडा. पुन्हा कुंडी बदलायची वेळ दोन-तीन वर्षांनी येईल. तेव्हा मुळं एक तृतीयांशापेक्षा जास्त छाटू नका आणि तारेची तयारी झाड बाहेर काढायच्या आधीच करा. भोकांवर प्लास्टिकची जाळी बसवा. दोन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची तार खालून एका भोकातून वर आणा, तिचं दुसरं टोक दुसऱ्या भोकातून. अशा दोन तारा घेतल्या की चार टोकं चार बाजूंना उभी राहतात. ट्रेला एकच भोक असेल तर खालून भोकावर आडवा जाड तारेचा तुकडा ठेवा आणि बांधायची तार त्याला अडकवून वर घ्या.

तळाला चाळलेल्या मिश्रणाचा छोटा उंचवटा करा. मी विटांचा चुरा निम्म्याहून जास्त घेते, तीन ते सहा मिलिमीटरचे कण, धूळ पूर्ण चाळून टाकलेली. उरलेल्यात कुजलेलं शेणखत आणि थोडी जाड वाळू. झाड उंचवट्यावर ठेवून डावी-उजवीकडे फिरवत दाबा, म्हणजे मुळांच्या गड्ड्याखाली पोकळी राहणार नाही. मग तारा मुळांवरून घ्या.

आता पक्कड. इथे घाई करू नका. टोकं पकडून आधी वर ओढा, तार ताणली गेली की मग पीळ द्या, परत ओढा, परत पीळ. नुसत्या पिळावर आवळायला गेलं तर ॲल्युमिनियम तुटतं. पीळ कडेला येऊ द्या, दर्शनी मुळांवर नको. तारेला धरायला भक्कम मूळच नसेल तर गड्ड्यात बांबूची काडी आडवी खुपसा आणि तार तिच्यावरून घ्या. शेवटी खोड धरून अलगद उचलून बघा. झाडाबरोबर ट्रे उचलला गेला पाहिजे. मुळं तेवढी सुटून वर येत असतील तर पुन्हा आवळा. मगच उरलेलं मिश्रण भरा, चॉपस्टिकनं मुळांच्या फटींत जिरवा आणि भोकांतून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी द्या.

तीन-चार महिन्यांनी तार कापता येते. मुळात रुतायला लागली तर त्याआधीच कापा. ओढून काढू नका, तुकडे करून जेवढी सहज निघेल तेवढीच काढा.

प्रश्न : जेडचं बोन्साय नव्या कुंडीत बांधलं. त्यालाही लगेच पाणी द्यायचं का?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : नाही. जेडच्या खोडात आणि पानांत पाण्याचा साठा असतो आणि छाटलेली मुळं ओल्यात पटकन सडतात. मिश्रण कोरडंच वापरा, चार-पाच दिवस सावलीत ठेवा आणि मग पहिलं पाणी द्या. तार मात्र सैलसर नको, पण मऊ खोडावर ती काचते म्हणून रबराचा तुकडा नक्की ठेवा.