वाचकांचे प्रश्न : भाताच्या तुसापासून नॅनो सिलिकॉन

प्रश्न : सर नमस्कार, मी घणसोलीला राहतो, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. मामांची कर्जतला भाताची गिरणी आहे, तूस भरपूर पडून असतो. त्यातून बॅटरीसाठी नॅनो सिलिकॉन काढता येतं असं वाचलं. कॉलेजच्या लॅबमध्ये जमेल का?

उत्तर : जमेल, आणि विषय खरंच छान निवडलाय. तूस जाळला की वजनाच्या साधारण २० टक्के राख उरते आणि त्यातली बहुतेक सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग, असते, म्हणजे एक किलो तुसातून धरा १८० ग्रॅम. पण आधी तूस सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये उकळून धुऊन घ्या, नाहीतर त्यातलं पोटॅशियम कार्बन अडकवून ठेवतं आणि राख काळी राहते. जाळताना तापमान ७०० अंशांच्या आतच ठेवा.

आता मुख्य भाग. कोळशाने सिलिका तोडायची, म्हणजे तिच्यातला ऑक्सिजन काढून सिलिकॉन मोकळं करायचं, तर १९०० अंशांच्या आसपासची आर्क भट्टी लागते, तेही सिलिकॉन वितळून बाहेर येतं, मग नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं, कुठलं राहणार! म्हणून मॅग्नेशियम वापरायचं, काम ६५० अंशांच्या आसपास होतं. १८० ग्रॅम सिलिकेला साधारण १४६ ग्रॅम मॅग्नेशियम लागतं आणि हिशेबाने जास्तीत जास्त ८४ ग्रॅम सिलिकॉन मिळतं, हातात येतं ते कमीच. फर्नेस आर्गॉन वायूमध्येच चालवायची, आत हवा नको. खरी गोची इथे आहे की ही रिॲक्शन स्वतःच प्रचंड उष्णता सोडते, फर्नेसचा डिस्प्ले ६५० दाखवत असतो आणि आत तापमान कितीतरी वर गेलेलं असतं, कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि सगळी मेहनत वाया. त्यावर उपाय अगदी साधा, मिश्रणात भरपूर मीठ घालायचं, आपलं खायचंच, ते ८०१ अंशांना वितळताना जादा उष्णता शोषून घेतं आणि नंतर पाण्याने धुऊन जातं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. शेवटी मॅग्नेशियम ऑक्साइड काढायला ॲसिड घालता ना, तेव्हा मॅग्नेशियम सिलिसाइड (मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचं संयुग) उरलेलं असेल तर सिलेन वायू निघतो आणि तो हवेत आपोआप पेटतो. म्हणून ॲसिड थेंब थेंब, फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात), सर समोर असतानाच. मॅग्नेशियम पावडर पेटली तर पाणी किंवा सीओटू मारायचा नाही, धातूची आग विझवणारी डी क्लासची पावडर आधीच जवळ ठेवा. घरी गॅलरीत वगैरे तर अजिबात नको, प्लीज.

प्रश्न : भंगारातल्या काचेच्या बाटल्या चालतील का? (एक वाचक, कळवा)

उत्तर : चालतात, लॅबमध्ये तसं सिलिकॉन बनवून बॅटरीत वापरून बघितलेलं आहे. पण साध्या काचेत सिलिका ७० टक्क्यांच्या आसपासच असते, बाकी सोडियम आणि कॅल्शियम, शिवाय काच अगदी बारीक दळावी लागते. तुसातली सिलिका मुळातच बारीक आणि सच्छिद्र असते. त्यामुळे गिरणी हाताशी असेल तर मी तूसच घेईन.